चिखलात रुतलेला यम

आई,

काल तुझ्या नातीला तुझी गोष्ट सांगितली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सांगताना तुझाच घोगरा आवाज माझ्या तोंडात आला आणि तव्यावरची भाकरी करपली. हसू नकोस.

आपल्या गावी, पासलीला, भाताची रोपं लावायच्या आवणीच्या दिवसांत चुलीपुढे बसून तू यम व्हायचीस. दुसऱ्यांच्या आया 'एक होता राजा' म्हणायच्या. तू पदर पुढे ओढून म्हणायचीस, "मी यम. म्हातारीला न्यायला आलतो, आन् हितं खाचरात रुतलो." बांधावर आलेल्या कुणालाच बाया रोपं लावल्याशिवाय सोडत नसत, तशी त्याच्याही हातात भाताच्या रोपांची मूठ यायची. बिचारा दिवसभर वाकून रोपं लावायचा आणि गाऱ्हाणी सांगायचा: कंबर मोडली, रेड्याला जळवा लागल्या, म्हातारी चहासुद्धा विचारत नाही. एकदा मी भिऊन रडले तर केवढी खेकसलीस! "अगं येडे, त्यो गोष्ट सांगतोय न्हवं? जवर त्याचं तोंड चालू हाय, तवर त्याचं काम बंद."

तू गेलीस तेव्हा मला ही गोष्ट खोटारडी वाटली. तुझा राग आला होता, आई. मी ती टाकूनच दिली.

मागच्या वर्षी पोरीचे बाबा गेले. आम्ही भोरला राहतो, मी रोज शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या करायला जाते. निघायची वेळ झाली की पोर पाठीला दप्तर अडकवून उंबऱ्यात बसते, माझा पदर सोडत नाही. "तू गेलीस आन् आलीच न्हाईस तर?" शाळा बुडायला लागली. समजावून झालं, रागावून झालं. काल काहीच सुचेना, म्हणून पीठ मळता मळता पदर पुढे ओढला. "मी यम..."

ती दचकली. मग रेड्याच्या जळवांवर चक्क हसली. आणि एकदम यमालाच विचारलं, "तुमी माज्या बाबांना बघितलं?"

माझे हात पिठातच थांबले. पण यमाला गप्प बसून कसं चालेल? "बघितलं की," मी म्हणाले. "लई गुणाचा मानूस. मला म्हनला, माजी पोर बांधावर आली तर तिला आवणीला लावू नका, तिला शाळंत जायाचं असतं."

तिनं डोळे पुसले, चपला घातल्या. दारातून वळून यमाला दम भरला, "मी येस्तवर रोपं लावा. कुनाला न्ह्यायचं न्हाई." आणि गेली, एकटी.

हे पत्र कुठे धाडायचं? पासलीचा पत्ता आहे, तुझा नाही. राहू दे इथेच, पिठाच्या डब्यामागे.

संध्याकाळी तिनं शेवट विचारला. म्हटलं, आजीनं सांगितलाच नाही. खोटं बोलले. आवणी उरकते, म्हातारी यमाला पाय धुवायला पाणी देते आणि आपणहून त्याच्याबरोबर निघते, सगळं पाठ आहे मला. पण पोर मोठी होईस्तवर मी त्याला बोलतंच ठेवणार आहे.