तीन तारे दिसेपर्यंत

दौंड,
२० मे २०२४

चि. रश्मीस,
आबाचे अ. आ. आणि जय भीम.

नीट पोचलीस का ते कळव. तुझा फोन येऊन गेला असं शेजारच्या पार्वतीबाई सांगत होत्या. पण मला समोर येऊन मोठ्याने बोललं तरच कळतं, फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा तू आपली पत्रच लिहीत जा. सगळी नोकरी लोको शेडमध्ये इंजिनांशेजारी उभं राहून केली. त्यांनी माझे कान ठेवून घेतले आणि मला तेवढं पेन्शनीवर सोडलं. डोळे शाबूत आहेत, तुझं कोंबडीच्या पायांचं अक्षर वाचायला पुरतात.

शनिवारी तू एसटी गाठायला पळालीस आणि हन्नाबाई सिनेगॉगच्या ओट्यावर येऊन आभाळाकडे बघत राहिल्या. तीन तारे दिसल्याशिवाय त्यांचा शब्बाथ, शनिवारचा पाळणुकीचा दिवस, सुटत नाही आणि तोवर बाजाची पेटी उघडायची नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तारे दिसले तेव्हा तुझी गाडी काष्टीच्या पुढे गेली असेल. मला म्हणाल्या की ज्ञानदेव, उन्हाळ्यात देव दिवस लांबवतो, पण एसटीवाले काही गाडी लांबवत नाहीत. हसल्या, पण त्यांना वाईट वाटलं होतं.

योसेफाचं आख्यान तुला अर्धंच देता आलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं आहे. ते गाणं त्यांच्या आजीकडून तोंडी आलं, लिहिलेलं कुठेच नाही. दौंडात त्यांच्या ज्यू समाजाची आता तीनच घरं, पोरंबाळं सगळी इस्राएलला. त्यांच्या लेकीला, रूथला, मराठी समजतं, गाता येत नाही. त्यांच्या रविवारच्या फुकट वर्गाला गावभरची पोरं येतात, चित्रं काढतात, नाटकं बसवतात. पण आख्यान धरलं ते तू एकटीने, आणि तेही अर्धं. दहावीनंतर तू शिरूरला गेलीस आणि योसेफ मिसर देशातच अडकून पडला. त्याला विकून टाकणारे भाऊ दारात येऊन उभे आहेत, तो त्यांना ओळखतो, पण सांगत नाही. पुढचं अर्धं पोरीच्या गळ्यात घातल्याशिवाय मी मरायची नाही, असं हन्नाबाई मला दर आठवड्याला बजावतात.

पुन्हा कधी येतेस ते लिही. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
आबा


शिरूर,
२ जून २०२४

ती. आबांस,
रश्मीचा सा. न. आणि जय भीम. वि. वि.

पोचले, जेवते आणि अक्षरही सुधारते आहे, बघा. कंपनीत आमच्या लाइनची सुट्टी शनिवारीच असते आणि रविवारी सकाळी पहिली पाळी. सगळ्या जगाला रविवार मिळतो, मला मात्र हन्नाबाईंचाच वार मिळाला. सुट्टी बदलून मिळावी म्हणून साहेबांकडे अर्ज टाकला आहे. ते म्हणाले की सोच के बताते हैं. त्यांचं सोचून कधी होतं ते कुणालाच माहीत नाही.

तोवर मला एक सुचलं. शनिवारी दुपारी मी येते, हन्नाबाईंनी पेटीशिवाय नुसतं गुणगुणावं, मी मोबाइल पिशवीत चालू ठेवते. कुणाला कळणार नाही, त्यांना तर नाहीच. नाहीतर रविवारी त्यांच्या पुतण्याला, सॅमसनदादाला सांगा. तो त्याच्या फोनवर सगळं आख्यान घेईल आणि मला पाठवेल. मी इथे ऐकून ऐकून पाठ करीन.

खोलीत मी आपलं अर्धं म्हणत असते. माझी खोलीवाली सविता विचारते की हा योसेफ कोण, तुमच्या नात्यातला का. मी हो म्हणून सांगितलं.

लोभ आहेच, तो तसाच असू द्या.

तुमची,
रश्मी


दौंड,
२१ जुलै २०२४

चि. रश्मीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला कारण मी रागात होतो. ज्या बाईने तुला घरातल्या पोरीसारखं शिकवलं, तिच्या शब्बाथला पिशवीत मोबाइल लपवून बसायचं? कुणाला कळणार नाही म्हणतेस, तुला तर कळेल ना? बाबासाहेबांच्या जयंतीला ही बाई दरवर्षी सिनेगॉगचा हॉल आपल्या पोरांच्या तालमीला उघडून देते. ती आपलं जपते, आपण तिचं जपायचं. हा विषय संपला.

पेटीशिवाय गायचं म्हणशील तर ते त्यांना जमत नाही. पेटीचा सूर लागला की शब्द आपोआप येतात, नाहीतर सापडत नाहीत, असं त्या म्हणतात. आमच्या दोघांची गंमतच आहे. त्या माझ्या पेटीवरून शब्द काढतात आणि मी त्यांच्या हाताकडे बघून वाजवतो. हात मांडीवर पडला की सम, बोट वर झालं की कडवं संपलं. पेटीच्या आवाजात गाण्यातला एकही शब्द मला कित्येक वर्षांत ऐकू आलेला नाही. उद्या कुणी मला विचारलं की दुसऱ्या अर्ध्यात काय आहे, तर मला बोटांनी सांगता येईल, तोंडाने नाही.

सॅमसनचं विचारून पाहिलं. त्या नको म्हणाल्या. यंत्रापुढे बसून गायचं नाही, यंत्र काही चुकलं तर विचारत नाही. पोरगी समोर बसेल, चुकेल, मी दुरुस्त करीन, तेव्हाच ते तिचं होईल. मग त्यांनीच तोड काढली. थंडीत दिवस लहान होतो, तारे लवकर दिसतात. मार्गशीर्षातल्या पहिल्या शनिवारी यायचं, तारे बघायचे, दोन घटका बसायचं आणि आरामात गाडी धरायची. पोरीची धावपळ नको म्हणाल्या. मलाही ते पटलं. इतकी वर्षं थांबलो तसे आणखी चार-पाच महिने थांबू.

वर्गाला वरवंडच्या सोजरबाई येऊ लागल्या आहेत. जात्यावरच्या ओव्या झकास म्हणतात. पहिल्या दिवशी सगळा हॉल फिरून आल्या आणि विचारलं की बाई, तुमचा द्येव कुठं बसवलाय, दिसंना की कुठं. हन्नाबाईंनी सांगितलं की आमचा देव फोटोला बसत नाही. सोजरबाई म्हणाल्या की आमचा मालक बी तसलाच हाय.

थंडीत ये.

तुझा,
आबा


शिरूर,
१५ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं रागाचं पत्र वाचलं. चुकलं माझं. मार्गशीर्षाचं ऐकून फार बरं वाटलं. कॅलेंडरवर सात डिसेंबरला गोल करून ठेवला आहे. सविता म्हणते की लग्नाच्या तारखेलासुद्धा कुणी एवढा मोठा गोल करत नाही. मागच्या महिन्यात तिच्याच साखरपुड्याला रजा काढून गेले होते, फार धमाल केली.

हन्नाबाईंना सांगा की माझं अर्धं अजून पक्कं आहे. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मनात म्हणते. शेवटचं कडवं आलं की दर वेळी तुमची आठवण येते:

कोण्या गावचे पाहुणे, कोण्या वाटेने आलात,
म्हातारा बाप घरी दिवा लावून बसला का?

पुढे त्याने आपलं नाव कसं सांगितलं, ते आता कळेल. लहानपणी मी हन्नाबाईंना विचारलं होतं, तर म्हणाल्या होत्या की आधी एवढं नीट म्हण. मलिद्याची बशी हातात देऊन गप्प केलं होतं मला. गूळपोह्यांची ती चव अजून जिभेवर आहे.

अर्जाचं अजून सोचणंच चालू आहे. थंडी लवकर पडो. तब्येतीला जपा.

तुमची,
रश्मी


दौंड,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस,
अ. आ.

बसून वाच. सोमवारी हन्नाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुण्याला नेलं होतं, आता घरी आणलं आहे. डॉक्टर म्हणाले की जिवाचं भय टळलं, समजतं सगळं, पण बोलणं परत येईल याची आशा धरू नका. माणूस ओळखतात. मला बघितल्यावर डावा हात उचलून मांडीवर आपटला. सम दिली मला. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

रश्मी, तू म्हणाली होतीस की मोबाइल पिशवीत चालू ठेवते, आणि मी तुझ्यावर चिडलो होतो. मी बरोबरच बोललो होतो, पुन्हा वेळ आली तर तेच बोलेन. पण बरोबर असूनही माणसाला झोप येत नाही, हे मला या वयात कळलं. तुझी गाडी चुकू नये म्हणून त्या थांबल्या, त्यांचा वार मोडू नये म्हणून तू थांबलीस आणि मी दोघींना थांबा म्हणालो. कुणीच कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. सोजरबाई म्हणाल्या की समदे एकमेकाला जपत बसले आन् गाणं तेवढं ऱ्हायलं.

त्यांच्या हनुक्काचा, म्हणजे दिव्यांच्या सणाचा, गावासाठीचा कार्यक्रम डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. सॅमसन रद्द करणार होता, पण हन्नाबाईंनी मान हलवून नाही म्हणून सांगितलं. तू येशील का?

तुझा,
आबा


शिरूर,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
सा. न.

येते. रजा मिळो न मिळो, येते. माझं जेवढं आहे तेवढं गाते.

आबा, मला एकच टोचतं आहे. सविताच्या साखरपुड्याला मी एका शब्दावर रजा काढली. तशीच एक रजा काढून एखाद्या रविवारी मला येता आलं असतं. साहेब चार शब्द बोलले असते, दुसरं काय झालं असतं? थंडी येणारच आहे म्हणून मी निवांत राहिले. कॅलेंडरवरचा गोल अजून तसाच आहे, त्याच्याकडे बघवत नाही.

हन्नाबाईंच्या पायावर माझं डोकं ठेवा.

रश्मी


दौंड,
३१ डिसेंबर २०२४

चि. रश्मीस,
अ. आ. आणि शाबास.

तू लगेच गाडीला पळालीस, धड बोलताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालीस ना? मी अजून त्या रविवारातच आहे.

एवढी गर्दी त्या हॉलने मी आल्यापासून पाहिली नसेल. हन्नाबाईंना खुर्चीत बसवून माझ्या समोर ठेवलं हे सॅमसनने फार चांगलं केलं. तू सुरुवात केलीस तसा त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर चालू झाला. मग मी दुसरीकडे बघितलंच नाही, तुझ्याकडेसुद्धा नाही. हात पडेल तशी सम, बोट वर होईल तसं कडवं. त्यांचे ओठ हलत होते. पहिलं अर्धं संपलं, मला वाटलं आता हात थांबणार, तर थांबला नाही. मीही पुढे गेलो. माझी बोटं काही विसरली नव्हती. शेवटचं आवर्तन झालं, त्यांचं बोट वर झालं आणि मी भाता सोडला. सगळा हॉल स्तब्ध होता. सोजरबाई पदराने डोळे पुसत होत्या.

आता खरं सांग, दुसरं अर्धं तू कुठून शिकलीस? रूथने तिकडून पाठवलं की हन्नाबाईंनी आधीच गुपचूप शिकवून ठेवलं होतं? आबाला चकवलंस. पण या चकवण्याचा मला राग नाही. योसेफ एकदाचा भावांना भेटला, हन्नाबाईंच्या डोळ्यांदेखत भेटला. त्या दिवसापासून मला झोप लागते आहे.

त्याने आपलं नाव कसं सांगितलं, ते मला लिहून पाठव. वाजवलं मीच, पण ऐकलं कधीच नाही.

तुझा,
आबा


शिरूर,
५ जानेवारी २०२५

ती. आबांस,
रश्मीचा सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुम्हाला झोप लागते हे वाचल्यावर खरं लिहिण्याचा धीर होत नव्हता. पण लपवून ठेवायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्ही विचारलेलं मला लिहून पाठवता येत नाही.

आबा, मी दुसरं अर्धं गायले नाही. मला ते येत नाही. दिवा लावून बसला का, इथे माझं संपलं आणि मी थांबले. तुम्हीही थांबाल म्हणून तुमच्याकडे बघितलं, पण तुमचे डोळे हन्नाबाईंच्या हातावर होते. पेटी चालूच राहिली. तुमच्या खांद्याला हात लावावा म्हणून उठले, तेवढ्यात त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्या म्हणत होत्या. एकेक शब्द म्हणत होत्या, श्वास घ्यायच्या जागी श्वास घेत होत्या. फक्त आवाज नव्हता. मग मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि ओठांवरून काही कळतं का बघत राहिले. काहीच कळलं नाही. लोक गप्प होते ते म्हणून. कुणी खोकलंसुद्धा नाही.

सॅमसनदादाने या वेळी सगळं फोनवर घेतलं, रविवार होता आणि हन्नाबाईंनीही नको म्हणून मान हलवली नाही. त्याने मला पाठवलं आहे. दुसऱ्या अर्ध्यात तुमची पेटी आहे आणि दांड्यावर पडणारा हात आहे. मी रोज ऐकते. चाल आता मला येऊ लागली आहे. शब्द हन्नाबाईंपाशीच राहिले.

साहेबांचं सोचून झालं. या महिन्यापासून माझी सुट्टी रविवारी केली आहे. कागद हातात घेऊन मी तशीच लाइनवर परत गेले. साहेबांना वाटलं की आनंदात आभार मानायचे राहिले.

या शनिवारी पाळी संपली की शेवटच्या गाडीने निघते, रविवारी दिवसभर राहते. हन्नाबाईंना सांगून ठेवा, वर्गाला मी येईन. त्यांनी हात चालवावा, तुम्ही वाजवा, मी चूक कुठे होते ते त्यांच्या तोंडाकडे बघून शिकते. जमेल असं मला वाटत नाही, पण समोर बसायचं राहिलं होतं, तेवढं तरी करते.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
रश्मी

ता. क. मला पोचायला अंधार पडेल. तोवर त्यांना ओट्यावर बसवा. हल्ली तारे लवकर दिसतात.