बत्तीस इंचांत सुगत

१८ ऑक्टोबर २०१०, सोमवार

दसऱ्याच्या जादा गाड्या संपल्या एकदाच्या. तीन दिवस पवनी-नागपूर, नागपूर-पवनी. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. तिकिटं फाडून अंगठा सोलला.

घरी आलो तर टीव्ही हिरवा. पंधरा दिवसांपासून कडेकडेने होत होता, आज सगळाच. कुसुमने सीडी लावलेली. दादाच्या पोरीच्या लग्नाची. त्यात सुगत पंगतीत बुंदी वाढतो, शूटिंगवाल्याकडे बघतो, "माझा नोका काढू" म्हणतो आणि हसतो. अकरा सेकंद. आमचा पोरगा चालतो-बोलतो असं घरात एवढंच शिल्लक आहे. कु. तिथे आली की थांबवते आणि बघत बसते. रोज, स्वयंपाक आटोपला की संध्याकाळपर्यंत.

आज म्हणाली, "असा हिरवा नोका दाखवू त्याले. मेल्यावानी दिसते."

२४ नोव्हेंबरला वर्ष होईल.

२० ऑक्टो.

मेकॅनिक येऊन गेला. पाठ उघडली, फुंकर मारली, परत लावली. "ट्यूब गेली साहेब. आता हे डबे कोणी घेऊन नाही राहिलं. एलसीडी घ्या, नाही तं प्लाझ्मा." दोन्हींत फरक काय विचारलं तर म्हणे एक पातळ असतो, दुसरा जरा जाड. एवढी अक्कल तर मलाही होती.

२३ ऑक्टो.

भंडारा (भं.). सकाळचा हाल्ट पाऊण तास. स्टँडजवळ गोपालभाऊचं दुकान. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच रंगीत मासे. म्हटलं मासे नको, ही सीडी लावा.

आधी बेचाळीसवर लावली. सुगतच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. "जुनी सीडी आहे न कंडक्टर साहेब, मोठ्यावर फुटतेच. तुम्ही बत्तीसच्या वर जाऊ नोका."

बत्तीसचा एलसीडी. स्वच्छ, चकचकीत, आणि सुगत गोरा. आमच्या घराण्यात इतकं गोरं कोणी झालं नाही. गोपालभाऊने रंग कमीजास्त केले तर लाल झाला. मग बत्तीसचा प्लाझ्मा, या मापात त्याच्याकडे एकच मॉडेल. त्यावर सुगत सुगतसारखा. सावळा. कपाळावर घाम. आणि डोळे पिवळे.

मी आजपर्यंत ते डोळे पाहिलेच नव्हते. जुन्या टीव्हीवर कळत नव्हतं. लग्न मे महिन्यातलं. म्हणजे दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, आणि आम्ही त्याच्या हातून बुंदी खात होतो.

मेश्राम ड्रायव्हरने हॉर्न दिला म्हणून निघालो.

२४ ऑक्टो., रविवार

कु. ला सांगितलं. एकात गोरा दिसतो, एकात आहे तसा. डोळ्यांचं सांगितलं नाही.

"मंग इचारता कायले? आहे तसा दिसते तो घ्या."

३० ऑक्टो.

गोपालभाऊला प्लाझ्मा म्हटलं तर तोच अडवायला लागला. विकणारा माणूस अडवतो म्हणजे काहीतरी आहे. "बाकी मस्त आहे साहेब. पण एकच चित्र घंटोनघंटे ठेवलं तं छापा बसते. मंग दुसरं काही लावा, खाली ते दिसत राहते. अन् करंट खाते. तुमच्या पवनीच्या लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर नाही ओढणार त्याले. एलसीडीत ती कटकट नाही. दिवसभर थांबवून ठेवा, काही राहत नाही."

म्हणजे ज्यात पोरगा खरा दिसतो त्यात त्याला थांबवता येत नाही, आणि ज्यात थांबवता येतो त्यात तो आमचा दिसत नाही.

३१ ऑक्टो.

नागपूरहून मनीषाचा फोन. दवाखान्यात नाईट करून झोपायच्या आधी करते. पोरीची माझ्याशी शिस्त माझ्या साहेबापेक्षा कडक. "बाबा, एलसीडी घ्या अन् विषय संपवा. अन् आईले ते थांबवून बसणं बंद करा. या चोवीसले सुगतदादाच्या फोटोले हार घालाच."

फोटो भिंतीवर आहे, बाबासाहेबांच्या शेजारी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींसमोर कु. ने त्यावरचा हार काढून घेतला होता. हार घातला की तो मेलेल्यांत गेला, असं तिचं. तेव्हापासून नुसताच आहे. येणारेजाणारे विचारतात, "पोरगा कुठं नोकरीले?"

९ नोव्हें., मंगळवार

माझ्यासारखा मूर्ख मीच.

दोन्ही शेजारी लावून एकदा शेवटचं बघावं म्हणून सीडी घेऊन गेलो. प्लाझ्मावर सुगत थांबवायला सांगितला. कोपऱ्यातला सेट, समोर स्टूल. बसलो. बसलो तो बसलोच. कधी नव्हे ते मेश्राम दुकानापर्यंत बोलवायला आला, अर्धी गाडी शिव्या देत होती. तसाच पळालो. सीडी तिथेच. दुपारच्या फेरीला हाल्ट दहाच मिनिटं, जाता आलं नाही.

घरी कु. ने सीडी मागितली. दुकानात राहिली म्हटलं.

"एकटाच सोडून आले का त्याले?"

जेवली नाही. बंद टीव्हीकडे तोंड करून बसली होती.

१० नोव्हें.

गोपालभाऊ दारातच. "कंडक्टर साहेब, काय करून ठेवलं? माह्या ध्यानातून गेलं. लग्नाचे गिऱ्हाईक होते, रात्री शटर पाडतपर्यंत तुमचा पोरगा तसाच सुरू." कोपऱ्यात नेलं. सेटवर साबणाची जाहिरात. बाई हसते आहे आणि तिच्या गालाखाली सुगत. खांदा, शर्टाची कॉलर, कान, दातांची ओळ. जाहिरात बदलली, गाडी आली, डोंगर आला. तो जागचा हलत नाही.

हातात तिकिटांचा ट्रे होता, तो खाली ठेवला.

"दिवसभर नुसतं पांढरं चालवलं की जाते," म्हणाला. "नवा सेट आहे, जाईन. तुमच्यावर नाही टाकत मी. पोरगा होता न तुमचा?"

चार दिवस काही करू नका म्हटलं. सीडी घेतली.

११ नोव्हें.

रोजनिशीत तरी खरं लिहावं.

सुगतला सिकल होता, रक्ताचा आजार, त्यात डोळे पिवळे पडतात. कु. च्या रक्तात अर्धा, माझ्या रक्तात अर्धा, त्याच्यात पूर्ण. आमच्या लग्नात पत्रिका नाही, हुंडा नाही, सगळं नव्या रीतीनं झालं. रक्त कोणी तपासलं नाही. मागच्या नोव्हेंबरात अंगभर दुखणं उठलं तेव्हा नागपूरला नेला. चार दिवस कु. खाटेखाली जमिनीवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा उतार वाटला. मीच तिला म्हटलं, तू घरी जा, आंघोळ कर, उद्या ये. ती नाही म्हणत होती. मी दंडाला धरून पवनीच्या गाडीत बसवली, ओळखीच्या कंडक्टरला सांगितलं, हिला मध्ये उतरू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

तिला सांगितलं, माझ्या हातात हात होता, शांत गेला. साऱ्यांना तेच सांगितलं. मनीषालाही.

मी तेव्हा गेटबाहेर चहा पीत होतो. दुसरा चहाही घेतला, तिथे कोणी अड्याळचा माणूस भेटला आणि गाड्यांच्या वेळांवर बोलत बसला. परत आलो तर सिस्टर चादर ओढत होती. किती वाजता विचारलं तर म्हणाली, आत्ता बघितलं तेव्हा नव्हता. कागदावर तिने घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. पोरगा एकटा गेला.

१४ नोव्हें., रविवार

गोपालभाऊचे चार दिवस आज संपले. मनीषाला फोनवर सांगितलं तर ओरडलीच. "आईले कळू देऊ नोका. तो सेट घरी आणाल तं ती त्याच्यासमोरून उठणार नाही." पोरीचं बरोबर आहे.

पण मागच्या वेळी मी एकट्याने ठरवलं होतं. संध्याकाळी कु. ला सगळं सांगितलं. छापा बसला आहे. पांढरं चालवलं की जाईल. तसाच हवा तर आणतो.

भाजी निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "उद्या मी येतो तुमच्या गाडीत."

वर्षभरात ती नळापलीकडे गेलेली नाही.

१५ नोव्हें.

कु. माझ्या सीटवर, खिडकीकडे. निळं लुगडं. पासवर बसली तरी दोनदा विचारलं, तिकीट फाडलं का म्हणून. रस्त्याने धानाची कापणी सुरू आहे, बायांनी हात वर केले. तिने नाही.

दुकानात स्टुलावर बसली. सेटवर कुठलंतरी गाणं सुरू होतं, दहा जण नाचत होते. त्यांच्या पायांखाली हा. बघितलं तिने. गाणं संपून दुसरं लागलं.

गोपालभाऊला म्हणाली, "भाऊ, हे लोक त्याच्या अंगावर नाचून राहिले. तुमचं पांढरं लावा."

मी म्हटलं, घरी नेऊ, तसाच राहू दे. माझ्याकडे बघितलंही नाही. "लावा न भाऊ."

पांढरं लावलं. पांढऱ्यावर तो जास्तच स्पष्ट. चुलीवरच्या दुधासारखी ती त्यावर नजर ठेवून बसली.

माझी गाडी लागली होती. चल म्हटलं, संध्याकाळपर्यंत वेळ लागेल.

"तुम्ही जा. मी बसतो."

"इथं एकटी?"

"मागच्या बारीले मले गाडीत बसवून देल्लं तुम्ही. आता मी नाही उठत."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली ते. गोपालभाऊ हिशेबाच्या वहीत बघायला लागला. मी गेलो. पवनीपर्यंत किती तिकिटं चुकीची फाडली देव जाणे, आणि देव तर आमच्यात नाही.

चार वाजून गेल्यावर परत भं. ला. हाल्ट दहा मिनिटं. धावत गेलो. पांढऱ्या पडद्यासमोर तशीच, हात मांडीवर. गोपालभाऊ हळूच म्हणाला, "बाई हलली नाही साहेब. चहा पाठवला तं तोही तसाच. मले तं जेवून आलो तवाच दिसेना झाला. त्यायले दिसत होता वाटते."

पडद्यावर काही नव्हतं. मी वाकून, तिरपं होऊन, सगळीकडून बघितलं.

ती उठून गाडीत बसली. अड्याळ गेल्यावर म्हणाली, "तीन वाजून वीस."

"काय?"

"तीन वाजून वीस मिनटाले गेला. आधी शर्ट. मंग कान. दात आखरीले."

मी पुढच्या सीटवरच्या म्हातारीला सुट्टे दिले.

१७ नोव्हें.

कु. ने सीडी मागितली नाही. कालही नाही. जुना टीव्ही पुसून ठेवला आहे. मी विचारलं, कोणता घ्यायचा मग? पाहू म्हणाली.

मनीषा फोनवर खूश. "पाहा, आई सावरून राहिली." मला तसं वाटत नाही. काल दुपारी ती घड्याळाखाली उभी होती.

२० नोव्हें., शनिवार

आज पहिल्या पाळीच्या आधीच, चहाच्या वेळेला. मी बूट चढवत होतो. कु. समोर येऊन बसली. चोवीस तारखेला हार आणा म्हणाली, शेवंतीचा. मी हो म्हटलं. गोपालभाऊचा निरोप आहे, कोणता टीव्ही पाठवू ते आज सांगा, हेही सांगितलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

मग म्हणाली, "एक सांगा. तुम्ही होते न जवळ."

"कुठं?"

"तो गेला तवा. हात धरून होते न तुम्ही. मंग सांगा न, असाच गेला का? हळूहळू? का एकदम? आखरीले काय राहिलं होतं त्याचं?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, तिने पाहिलेलं आणि मी पाहिलेलं जुळतं का ते.

मी बुटाची लेस बांधली. सुटली, परत बांधली. ड्यूटीवरून आल्यावर सांगतो म्हटलं. ती म्हणाली, "या मंग. मी आहोच घरी."

आत स्टोव्ह सुरू झाला. दहा मिनिटं आहेत, म्हणून हे लिहितो आहे. गोपालभाऊला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. प्लाझ्मावर ते डोळे पिवळे दिसतील, आणि तेव्हा ती आणखी एक विचारेल.

ही वही रोज कपाटात कुलपात असते. आज जुन्या टीव्हीवर ठेवतो आहे. कु. सातवीपर्यंत शिकलेली आहे, माझं अक्षर तिला लागतं. डब्यात पोळ्या भरल्या आहेत तिने, बोलावते आहे.