वीणेला तारा नव्हत्या

बाबा, कलेचा इतिहास शिकून पुढे काय करतात, हा तुमचा अकोल्यातला प्रश्न परवा अमरावतीत माझ्यासमोर येऊन बसला. तेल्हाऱ्याचे एक गृहस्थ मुलीला प्रवेशासाठी घेऊन आले होते. मी चित्रकलेच्या कॉलेजात हाच विषय शिकवते आणि पेपरात टवाळीचं सदर लिहिते. त्यांना दोन्हींपैकी एकही काम धड वाटलं नाही.

मला हा विषय शिकायचाय, असं मी सांगितलं तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात काका म्हणाले होते, "चित्र काढाचं नाही, दुसऱ्यानं काढलेलं पाहाचं? याले डिग्री लागते?" आत्या मात्र खूश, "आता लग्नात भिंतीवरचा गणपती हीच काढीन." तुम्ही वकील, जेवता जेवता उलटतपासणी सुरू केली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणालात, "काय दिसून राहिलं?"

"सरस्वती. सुंदर आहे."

"सुंदर, हे तुयं मत झालं. साक्षीदाराले मत कोणी विचारते का? दिसते ते सांग."

मला राग आला, आणि रागातच मी पहिल्यांदा नीट पाहिलं. हंस पाण्यात आहे, पण त्याचं प्रतिबिंब नाही. बोटं वीणा छेडतायत आणि वीणेला तारा नाहीत. तुम्ही खरकट्या हातानं उठता, चष्मा कपाळावर सरकवता, कॅलेंडरला नाक लावता. वर्षभर त्याच सरस्वतीखाली जेवत होतात तुम्ही.

"काहून नाहीत?"

"तेच तं शिकाचं हाये मले."

तुम्ही हात धुतले आणि म्हणालात, "जाय."

त्या 'जाय'वर माझं आजवर चाललंय. बडोद्याच्या विद्यापीठात जुनी चित्रं वाचायला शिकले, आता चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स वाचते. जुन्या चित्रांत राजा मोठा आणि चवरी ढाळणारा अंगठ्याएवढा. फ्लेक्सवर साहेब गच्चीएवढे आणि कार्यकर्ते पासपोर्ट फोटोएवढे. दिसतं तेवढंच लिहिते, मत देत नाही. लोक आपणच हसतात. साहेब तेवढे हसत नाहीत, म्हणून त्यांचे फोन येतात.

तेल्हाऱ्याच्या गृहस्थांना मी हे सगळं रंगवून सांगितलं. कान माझ्याकडे होते, नजर मुलीकडे. शेवटी म्हणाले, "मॅडम, मले काई समजलं नाही. पण पोरगी म्हणते तं लिहा नाव."

बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला पटवून दिलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्हालाही काही पटलं नव्हतं ना? तरी 'जाय' म्हणालात. याचे आभार कसे मानतात, ते मला येत नाही; टोमणा असता तर लगेच सुचला असता. हे कागद टेबलाच्या खणात जातील. तुम्ही समोर असतात तरी दिले नसते. आयुष्यात वकिलाविरुद्ध जिंकलेली एकच केस आहे, ती आता हरायला मन होत नाही.