हिरवी कड

२० नोव्हेंबर १९९७, महाड
सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेत गायींचे सात दिवसांचे भ्रूण तपासले. नराच्या पेशींवर बाहेरून एक खूण असते. औषध लावलं की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. मादी काळोखीच राहते. चार काळोखे निघाले. पाचव्याला एका बाजूने हिरवी कड, फिकट. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "मेलेल्या पेशीही चमकतात. मादी लिही."
लिहिलं. अक्षर माझं.
दुपारी तोच भ्रूण शिवथरला शेवंताकाकींच्या तांबूत सोडला. गावठी गाय, चण लहान. भ्रूण मोठ्या परदेशी जातीचा. मादी असेल तर वासरू जरा हलकं, निभेल. नर असेल तर...

२ फेब्रुवारी
हात घालून पाहिलं. भ्रूण सोडलेल्या पाच गायींपैकी दोनच गाभण, त्यात तांबू. काकी घरात एकट्या, मुलगा मुंबईला. गोठ्यात ही एकच गाय. म्हणाल्या, "पाडीच होनार ना गो डाक्तरबाय? तू बोललीस म्हनून दिली मी."
हो म्हटलं. परतताना बिरवाडीपर्यंत तेच डोक्यात.

१४ मे
तांबूचं पोट फार मोठं. जुळं नाही. सरांना फोन केला, त्या कडेची आठवण दिली. "कुठली कड? रजिस्टरला मादी आहे. त्या बाईला उगाच घाबरवू नकोस." मग अहवालाचं बोलू लागले.
ते विसरलेत की विसरायचं ठरवलंय?

९ जुलै
पुन्हा शिवथर. तांबूला उठायला त्रास. काकी तिच्या पाठीला तेल चोळत होत्या. सांगायचं म्हणून गेले होते. चहा पिऊन आले.

३ ऑगस्ट
आज सांगितलं. कड दिसली होती, शंका होती, तरी मादी लिहिलं. वासरू अडलं तर पोट फाडावं लागेल, गाय जाऊही शकते.
काकींचा विळा चालूच होता. गवताची पेंढी बांधून झाली तेव्हा म्हणाल्या, "तवाच सांगायचं होतंस." मी निघाले तर मागून, "येळंला येशील ना?"
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
खेडच्या डॉक्टरांशी बोलले. गुरांच्या सिझेरियनमध्ये मुरलेले. कळवताच निघतो म्हणाले. मी आजवर एकदाच पाहिलंय, तेही कॉलेजात, मागच्या रांगेतून.

२१ ऑगस्ट, शिवथर, सकाळी दहा
पहाटेपासून कळा. खेडचे डॉक्टर निघाले, पण कशेडी घाटात दरड आलीय, गाड्या जागच्या जागी उभ्या. दुकानातून दोनदा फोन केला. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होणं कठीण.
हात घालून पाहिलं. पुढचे दोन्ही पाय लागतात, जाड. डोकं वाटेत बसतच नाही. बोट तोंडात घातलं तर चोखलं त्याने. जिवंत आहे.
दोरीने ओढलं तर तांबू फाटेल. थांबले तर दोघं जातील.
काकींना विचारलं, कापू का? त्या तांबूच्या डोक्याशी बसल्यात. "माझ्याकडं काय बघतेस? मला काय कळतं त्यातलं. तू कर, मी धरते तिला."
चुलीवर हत्यारं उकळतायत. तेवढ्या वेळात हे लिहितेय. तांबूच्या कुशीवरचे केस काढले, सुन्न करायचं औषध टोचलं.
हत्यारं उकळून झाली. काकी हाक मारतायत.