ईशाची तब्येत

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ मीच केला, सुनेला ऑफिसातून वेळ कुठला. ईशाने घेतला, "थँक्यू आबा" म्हणाली, मूठ मिटली. संध्याकाळी सोफ्याच्या उशीमागे सापडला. उचलून खिशात टाकला. पंधरा वर्षांची नात, तिच्यावर पाळत ठेवायची म्हणजे...

१६ जाने.
चौघंही हॉस्पिटलात, मुलगा, सून, ईशा आणि मी. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. नाव सांगितलं: अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. मी म्हणालो, हल्लीची फॅशन असेल, बारीक व्हायची. त्या म्हणाल्या, फॅशन नाही, आजार आहे. ती हट्टाने खात नाही असं नाही, तिला खाण्याची भीती वाटते.
नाडी फार मंद. आणखी उतरली तर अ‍ॅडमिट, नाकातून नळी. केस गळतात, अंगावर बारीक लव आलीये, पाळी बंद. हे शेवटचं सांगताना मेधा माझ्यासमोर अडखळली. अगं सूनबाई, मी चार बहिणींत वाढलोय.
शिक्षण सातवी, जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे मला त्याच भाषेत कळतं. सेल उतरला की आधी दिवा मंदावतो, मग आवाज. शरीरही तेच करतंय. हातापायाची ऊब काढून घेतंय, केस, पाळी, हाडं, सगळ्यांचं तोडून हृदयाला देतंय. आता हृदयालाही पुरेना.

१९ जाने.
ईशाची शाळा सध्या बंद. प्रत्येक खाण्याला घरातलं कुणीतरी शेजारी बसायचं. नितीन-मेधा कामावर, म्हणजे दुपार माझी. रागवायचं नाही, घासाघीस नाही, वजनाचा शब्द नाही.
वरणभात.
"आबा, तूप किती टाकलं?"
"नेहमीचंच."
"नेहमीचा म्हणजे किती?"
ताट निवलं. पुन्हा गरम केलं. पुन्हा निवलं. चार घास गेले असतील. ती रडली. मी भांडी घासायच्या निमित्ताने उठलो.

२३ जाने.
भारतातून, साताऱ्याहून कुसुमताईचा फोन. "बाळू, लाडावलीये पोर. दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल!" हसू की रडू. म्हटलं, ताई, तोच तर आजार आहे. "मग नवस बोल." बोललो, ताईला न सांगता.

२७ जाने.
ई.ने लिंबाचा केक केला. सगळ्यांना वाढला. मी दुसरा तुकडा घेईपर्यंत नजर हटेना. स्वतः कणभर नाही. दिवसभर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते. माझ्या जुन्या शब्दकोशात या आजाराला क्षुधानाश म्हटलंय. चूक आहे ते.
"भूक लागतच नाही का गं?"
"लागतो ना आबा. खूप लागतो. पण मग तो ओरडतो."
"कोण?"
"डोक्यातला."
भूक लागतो नाही, लागते, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

९ फेब्रु.
बरे दिवस. दूध पूर्ण, पोळी पूर्ण, भांडण कमी. नर्स वजन करते, ई.ला पाठमोरी उभी करून. आकडा तिला सांगत नाहीत. आज नर्स हसली. नाडीही वर आलीये. मेधाने गाडीत गाणी लावली, कितीतरी दिवसांनी.

१५ फेब्रु.
घात केला मी.
सकाळी ई. जिन्यावरून उतरली. गालांवर रंग, केस नीट बांधलेले. आनंदाच्या भरात तोंडून निघून गेलं, "वा! तब्येत सुधारली हो आमच्या ईशाची!"
पोह्यांची बशी तिने हळूच लांब सरकवली.
"म्हणजे मी जाडी झाली."
"अगं नाही, तब्येत म्हणजे आरोग्य, हेल्थ..."
"आबा, प्लीज. इथल्या मराठी मंडळात काकू लोक ज्याला त्याला तेच म्हणतात. तब्येत झाली, तब्येत सुधारली. मग सगळे हसतात. मला माहितीये काय ते."
बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे अंगाला आणि आरोग्याला शब्द एकच. बाळसं धरलं, अंग भरलं, तब्येत झाली. कौतुक करायचं ते मांसाचंच. दिवसभर दुसरा शब्द शोधला. "छान दिसतेस" चालत नाही. "बरी दिसतेस" तर त्याहून वाईट.
मेधा म्हणाली, "आबा, तुमचं काही चुकलं नाही." माझ्याकडे न बघता म्हणाली.

१८ फेब्रु.
दूधही बंद. नितीन ओरडला. ओरडायचं नाही हे त्यालाही ठाऊक, पण कळतं तेवढं वळतं कुठे. "ईशा, मरशील गं!" ती शांतपणे म्हणाली, "डॅडी, आय नो." तो बाहेर जाऊन थंडीत उभा राहिला, कोट न घालता.

२० फेब्रु.
जिन्यात चक्कर येऊन पडली. अ‍ॅम्ब्युलन्स. हात हातात घेतला, पाखरासारखा. छातीला वायरी लावल्या. ठेवून घेतलंय.

२१ फेब्रु.
मला वाटायचं, एकदा खाल्लं की सुटलो. डॉ. म्हणाल्या, इतक्या उपासमारीनंतर एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार कोसळतात, हृदय त्यानेही बंद पडू शकतं. म्हणून थोडंथोडं, रोज रक्त तपासून. न खावं तरी मरण, खावं तरी जपून.
आज दुधासारखं काहीतरी बाटलीतून दिलंय. संपलं नाही तर संध्याकाळी नळी. नर्स कोपऱ्यात खुर्चीवर. मेधा फोन करायला बाहेर गेली, मी आत.
"आबा, काहीतरी बोला ना. खाण्याचं नको. मी कशी दिसते, ते पण नको."
तोंड उघडलं. ज्याला जन्मभर लोक गप्पिष्ट म्हणत आले, त्याला एक वाक्य सुचेना. जे सुचे त्यात कुठेतरी ताट किंवा अंग होतंच.
शेवटी तीच म्हणाली, "मग बाहेर बसा. तुमचा चेहरा बघून नाही होत. मी ट्राय करते. प्रॉमिस नाही."
बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. दाराला काचेची उभी पट्टी आहे. मान वळवली तर दिसेल, बाटली हातात आहे की टेबलावर.
वळवत नाही.