शनिवारचं अर्जाचं टेबल

प्रिय भोंग्या,

या नावाने तुला कोणी हाक मारून वीस-बावीस वर्षं तरी झाली असतील. आता तू मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासतोस, तुझी सही झाल्याशिवाय लोक वर जाऊ शकत नाहीत आणि सगळे तुला साहेब म्हणतात. पण मी ‘प्रिय साहेब’ असं लिहायला घेतलं आणि ते रजेच्या अर्जासारखं दिसायला लागलं. मग कागद फाडला.

रविवारी तू आलास, जेवलास, माझ्या गळक्या नळाचा वॉशर बदललास आणि मी विषय काढल्याबरोबर चपला घालून निघालास. तुझी ही सवय लहानपणापासूनची नाही, दहावीपासूनची आहे. म्हणून हे लिहिते आहे. हातात पत्र असलं की माणूस निदान शेवटपर्यंत नजर तरी फिरवतो. तेवढं कर.

विषय तोच. शाळेच्या समितीवर पालकांचा प्रतिनिधी निवडायचा आहे. नाव द्यायची मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, आणि मतदान शनिवारी सभेतच. नव्या मुख्याध्यापिकाबाईंना शनिवारचा उपक्रमाचा तास बंद करून तिथे गणिताचा जादा तास घ्यायचा आहे आणि उपक्रमाच्या खोलीत मोडक्या बाकांची सोय करायची आहे. बाई वाईट नाहीत रे. वरून निकालासाठी त्यांच्या मानेवर कोणीतरी बसलंय, हे मी नोकरीत असताना रोज पाहिलं आहे. पण समितीत तोंड उघडणारा एकही माणूस नसेल, तर तो ठराव पाच मिनिटांत मंजूर होईल आणि त्या तासाला मांडलं जाणारं अर्जाचं टेबल कायमचं उठेल. सरकारी शाळेत एकदा उठलेलं टेबल परत मांडलेलं मी पाहिलेलं नाही. पालकांनी तुझं नाव सुचवलं, तर तू हसत मला म्हणालास, “आई, मला मत कोण देणार? एकदा बघितलंय की.” तू हसलास, पण मला ते हसणं काही केल्या पचलं नाही.

परवा मी मुद्दाम टेबलाशी जाऊन आले. निवृत्त झाल्यापासून मी तिकडे फार फिरकत नाही, म्हाताऱ्या बाईने नव्यांच्या डोक्यावर बसू नये म्हणून. पण तुझ्या चिमणीने हट्ट धरला. आठवीत जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर कार्टी टेबलावर बसायला लागली आहे! सगळं तसंच आहे. व्हरांड्यात दोन बाकं जोडलेली, त्यावर चारखानी चादर, शाईची पेनं दोरीला बांधलेली, आणि समोर हातात कागद धरून उभी असलेली माणसं. कोणाला पेन्शन चालू करायची, कोणाला पाण्याच्या जोडणीवरचं नाव बदलायचं, कोणाला दवाखान्याचं कार्ड काढायचं. पोरं एकेक रकाना भरतात आणि शेवटी सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवतात. वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा नियम अजून पाळतात हे पाहून बरं वाटलं. एका आजीच्या अर्जात ‘मयताशी नाते’ या रकान्यात तुझ्या लेकीने ‘चांगले’ असं लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवताना आजी म्हणाल्या, तसं काही फार चांगलं नव्हतं ग, भाऊ होता माझा. सगळा व्हरांडा हसला, चिमणीचे कान लाल झाले, आणि दुसरा कोरा अर्ज काढावा लागला.

येताना ती मला म्हणाली, आजी, बाबा मला गेटपर्यंतच का सोडतात, आत का येत नाहीत? मी म्हटलं, त्याला कामावर जायची घाई असते. थाप मारताना माझी जीभ अडखळत नाही, हे पुन्हा एकदा लक्षात आलं.

ते टेबल कोणाच्या डोक्यातून निघालं हे आज शाळेत कोणालाही माहीत नाही. शाळेच्या फळ्यावर चष्मिसचं, त्या वर्षी तुला हरवून विद्यार्थी प्रतिनिधी झालेल्या मुलाचं, नाव आहे, ‘यांच्या कारकिर्दीत सुरू’ असं. पण मी तर तिथे होते. दहावीत विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला तू उभा राहिलास, आणि पटांगणावर भाषणाला उभा राहून म्हणालास की, आपल्याला निबंध लिहायला येतो, पण आपल्या गल्लीतल्या माणसांना साधा अर्ज लिहिता येत नाही, मग आपण शिकतो कशाला? कर्णा बंद पडला होता. तुला कर्ण्याची गरज कधीच नव्हती म्हणा, नाव उगाच का पडलं! पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. मी शिक्षकांच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होते, तोंडावरची रेषही न हलवता. शाळेच्या गेटच्या आत तू मला बाई म्हणायचास आणि मी तुला आडनावाने हाक मारायचे. तो नियम माझाच. डबा विसरलास तर तो शिपायाच्या हाती पाठवायचे, स्वतः कधी वर्गात आणून दिला नाही. बाईंच्या पोराला बाईंमुळे काही मिळालं असं कोणी म्हणू नये, एवढीच धास्ती.

आणि म्हणणारे म्हणायचेच. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर बोलले होते की, उमेदवार बाईंच्या घरचा, मोजणार बाई, मग मुलांना मतदानाचा त्रास कशाला देता, आत्ताच निकाल लावून टाका. सगळे हसले. मीही हसले. पण तो शब्द माझ्या अंगात काट्यासारखा रुतून बसला.

निकालानंतर तू रडला नाहीस. घरी येऊन हात-पाय धुतलेस, जेवलास आणि म्हणालास, वर्गातल्या चाळीस जणांनी मला देतो म्हणून सांगितलं होतं, सगळे खोटं बोलले. मी वाटी पुढे सरकवली आणि भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी तू ढब्बूला पटांगणात गाठलंस. ढब्बू म्हणजे तुझी सावली. शाळा सुटल्यावर आपल्या घरी दप्तर टाकून मगच स्वतःच्या घरी जाणारा. त्याने देवाची, आईची, सगळ्यांची शपथ घेऊन सांगितलं की मी तुलाच मत दिलं, आमच्या अख्ख्या बाकाने दिलं. तू त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालास. त्यानंतर तो आपल्याकडे आला नाही. तूही हळूहळू गप्प होत गेलास. कॉलेजात कशात भाग घेतला नाहीस, नोकरीतल्या संघटनेत नाव घालू दिलं नाहीस, तुझ्या इमारतीच्या सभेला तुझी बायको जाते. लोक म्हणायचे, वयाबरोबर पोरगा शांत झाला, समजूतदार झाला. मीही तेच म्हणायचे. माणसांवरचा तुझा भरवसा उडाला आहे हे मला दिसत होतं, पण मी त्याला समजूतदारपणाच म्हणत राहिले.

ढब्बूचं सायकल दुरुस्तीचं दुकान आता शाळेच्या कोपऱ्यावर आहे. पोट सुटलंय, केस गेलेत, पण बोलतो तसाच, घाईघाईने. टेबलावर येणाऱ्या अर्ध्या लोकांना तोच पाठवतो. समितीसाठी तुझं नाव त्यानेच सुचवलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. गेल्या सोमवारी तो माझ्या दारात उभा राहिला, आत यायलाही संकोचला. म्हणाला, “बाई, तो माझ्याशी बोलत नाही ते राहू द्या. पण सभेत त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कोणी नाही. तुमचं ऐकेल तो.” मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले.

माझ्या निरोपाच्या समारंभात तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी काय भाषण केलं होतं, ते तुला आठवतं का? तू मागच्या रांगेत होतास. ते म्हणाले, बाईंनी पोटच्या पोराचीही कधी गय केली नाही, अशी माणसं आता होणे नाही. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला. त्याच भाषणात त्यांनी माझ्या मोजणीच्या नियमाचंही कौतुक केलं होतं: मतं मोजताना खोलीत तीन माणसं हवीतच, त्यात एक विद्यार्थी. तो नियम मी तुझ्या निवडणुकीनंतरच्या वर्षी केला. तो का केला, हे मला कोणी विचारलं नाही.

आता सांगते. तुझ्या वर्षी मोजणीला चित्रकलेचे सर माझ्याबरोबर बसायचे होते, पण त्यांना ताप भरला आणि ते घरी गेले. उपक्रमाच्या खोलीला आतून कडी लावून मी एकटीने खोकं उघडलं. तुला एकशे एक्केचाळीस मतं होती, चष्मिसला एकशे अठ्ठावीस. मी तीनदा मोजली. मग बाहेर येऊन फळ्यावर दोघांच्या आकड्यांची अदलाबदल करून लिहिलं, आणि चिठ्ठ्या त्याच दिवशी शाळेच्या बागेतल्या पाचोळ्याबरोबर जाळल्या. मनाशी म्हटलं, माझा पोरगा दांडगा आहे, तो यातून सहज उठेल, आणि त्या बुजऱ्या मुलाचं भलं होईल. पण ते सगळं मागाहून सुचलेलं. खरं एवढंच की मला गणिताच्या सरांच्या तोंडाची भीती वाटली, आणि माझं नाव स्वच्छ ठेवायला मी तुझं विकलं. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते आहे. चष्मिसचा यात काडीचा दोष नाही, त्यालाही पत्र लिहून ठेवलं आहे, तुझं पोचल्यावर टाकीन. शनिवारच्या सभेत, मतदान सुरू व्हायच्या आधी, मी उभी राहून हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू उभा राहा नाहीतर राहू नकोस, मी सांगणारच. पण तुला ते भर सभेत इतरांबरोबर कळू नये, म्हणून हे पत्र. आणखी एक. त्या चिठ्ठ्यांत ढब्बूची चिठ्ठी मी ओळखली होती. सहा वर्षं त्याच्या वह्या तपासल्या होत्या, त्याचं अक्षर मला आंधळेपणीही कळलं असतं. त्याने तुझं पूर्ण नाव लिहिलं होतं, मधे वडिलांच्या नावासकट, आणि खाली पट्टीने रेघ मारली होती, कोणाला चुकूनसुद्धा दुसरं कोणी वाटू नये म्हणून. दुकान सकाळी नऊला उघडतं. मी त्याला काही सांगितलेलं नाही, ते तू सांग.

तुझीच,
आई