सेनापतीचा घसा

तीर्थस्वरूप ताईस,

तुला, तुझ्या गुडघ्यात बसवलेल्या नव्या वाटीला आणि त्या वाटीच्या तैनातीत असलेल्या दाजींना धाकट्याचा वेगवेगळा नमस्कार. (एकत्र केला की दाजी म्हणतात, आम्हाला नेहमी उरलासुरला मिळतो.) गुडघा आता कितपत वाकतो ते नीट कळव, नुसतं "बराय" लिहू नकोस. इकडे ही ठीक आहे आणि मीही ठीक आहे, असं ही म्हणते. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. तर घशाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला दिवसाला मोजून वीस मिनिटं बोलायची परवानगी दिली आहे, आणि तुला फोन लावला की वीस मिनिटं "कोण बोलतंय? मोठ्यानं बोल!" यातच जातात. लिहिण्यावर मात्र बाईंनी काही मर्यादा घातलेली नाही. म्हणून भोग आता.

बातमी अशी की आमची मालिका चार वर्षांनी परत येते आहे. तिसरं पर्व. तू तिला "ती जपान्यांची मारामारी" म्हणतेस आणि कधी पाहिली नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तुझा भाऊ संध्याकाळी डबिंगच्या स्टुडिओत जाऊन मालिकेतल्या सात सेनापतींपैकी काळा सेनापती व्हायचा. सेनापती सात फूट उंच, मी पाच फूट तीन इंच, पण आवाजाला उंची नसते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात सेनापती कोसळता पूल पाठीवर तोलून धरतो, त्याचे सगळे सैनिक पार होतात आणि मग तो पुलासकट दरीतल्या नदीत जातो. जाताना चौदा सेकंद ओरडतो. ते चौदा सेकंद मी नऊ वेळा ओरडलो होतो. सहाव्या वेळी स्टुडिओतल्या चहावाल्याने किटली टाकून दिली होती. तेव्हा मला फार अभिमान वाटला. पुढे स्वरयंत्रावर गाठ निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "असं ओरडायला सांगितलं कुणी?"

ऑपरेशन नीट झालं हे तुला माहीत आहे. पण त्यानंतर जो आवाज उरला तो तुला कळवला नव्हता. पत्र्यावरून खिळा ओढावा तसा, आणि तोही मध्येच तुटणारा. दुकानात मी गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हटलं की गिऱ्हाईक आधी मलाच पाणी विचारायचं. व्यायामाच्या बाईंनी उपाय दिला तो असा, की ग्लासभर पाण्यात नळी बुडवायची आणि "ऊऽ" करत बुडबुडे काढायचे, दिवसातून सहा वेळा. (हसू नकोस. मोठमोठे गवई हे करतात, असं बाई म्हणाल्या. त्यांना बुडबुडे काढताना कुणी पाहिलेलं नाही, हा भाग वेगळा.) तीन महिने मी डोळे तपासायच्या खोलीच्या पडद्यामागे बुडबुडे काढतो आहे. एका आजोबांनी चष्म्याची चौकट नाकावर ठेवून विचारलंसुद्धा, की आत काय शिजतंय.

अशात नव्या पर्वाची झलक आली. नदी, धुकं, आणि पाण्यातून वर आलेला एक काळा लोखंडी पंजा. ताई, माझ्या हातातली काच खाली पडून फुटली. मेला नव्हता गं तो!

दुसऱ्याच दिवसापासून डबिंगच्या दिग्दर्शिकाबाईंचे फोन सुरू झाले. मी उचलत नव्हतो. बाईंनी आवाज ऐकला असता तर सेनापती तिथल्या तिथे पुन्हा दरीत गेला असता. ही फोन घ्यायची आणि "ते आंघोळीला गेलेत" म्हणायची. असा मी चार दिवस सलग आंघोळ करत होतो. पाचव्या दिवशी बाईंनी काळजीनं विचारलं, "वहिनी, त्यांना त्वचेचं काही झालंय का?" मग नाइलाजानं हिनेच सोमवारची वेळ घेऊन टाकली आणि मला म्हणाली, "नाही जमलं तर नाही जमलं. पण तोंड चुकवायचं नाही." (ही अशी वाक्यं कुठून आणते, कोण जाणे. मालिका तर ही बघत नाही.)

सोमवारच्या आधी सराव हवा म्हणून रविवारी सकाळी मी रजयांच्या कपाटात शिरलो, दार लावून घेतलं आणि जपून, अगदी अर्ध्या ताकदीनं, ती आरोळी दिली. दहा मिनिटांनी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बशीत दूध घेऊन उभ्या. म्हणाल्या, "तुमच्या कपाटात मांजर अडकलंय, पिल्लू दिसतंय." हिने बशी घेतली आणि आभार मानले. मी रजयांमध्येच बसून राहिलो. ताई, खरं सांगतो, त्या वेळी हसू आलं नाही.

सोमवारी स्टुडिओच्या बाकावर माझ्या आधी एक तरुण येऊन बसला होता. दंड माझ्या मांडीएवढे, आणि खोकला तरी खोली हलावी असा आवाज. बाईंनी हाताशी असावा म्हणून बोलावलेला. मी त्याचा मनोमन द्वेष करायला सुरुवात केली, तोच तो उठून माझ्या पाया पडला. म्हणाला, "सर, तुमचे ते चौदा सेकंद ऐकून मी या धंद्यात आलो. तुम्ही नाही म्हणालात तरच मी करणार." अशा माणसाचा द्वेष करायची सोयच राहत नाही. सकाळपासून जमवलेलं अवसान वाया गेलं सगळं.

आत गेलो, कानाला हेडफोन लावले. समोर पडद्यावर सेनापती नदीतून बाहेर आलेला, आणि त्याच्या जुन्या सैनिकाने त्याला ओळखलेलं नाही. वाक्य फक्त "मी परत आलोय" एवढंच, पण गर्जून. मी तोंड उघडलं आणि निम्मं वाक्य आलं, निम्मं हवेत गेलं. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा तर "मी"च आला नाही. मी हेडफोन काढले आणि माईकसमोरच बोललो, "बाई, माफ करा. एवढाच उरलाय."

ध्वनिमुद्रकाने यंत्र बंद केलेलं नव्हतं. त्याने माझं ते वाक्य उचललं आणि चित्रावर ठेवून पुन्हा लावलं. सेनापतीच्या ओठांवर माझं "एवढाच उरलाय" बरोब्बर बसलं. चिलखत फुटलेलं, एक डोळा गेलेला, चार वर्षं नदीत काढलेला माणूस असाच बोलेल की! बाईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "बोलणं तुमचं. लढाईतल्या आरोळ्या तुमच्या घशाला मी देणार नाही, त्या हा देईल." आणि त्या तरुणाला आत बोलावलं.

आता आम्ही दोघं मिळून एक सेनापती आहोत. पहिल्या दिवशी मला थोडं लागलं, लपवत नाही. दुसऱ्याच्या तोंडून आपली आरोळी ऐकणं सोपं नसतं. पण तो घशातून ओरडत होता, म्हणून मी त्याला थांबवलं, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "इथून. नाहीतर दहा वर्षांनी तूही बुडबुडे काढशील." मग जी आरोळी आली, ताई, ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना आवाज लागत नाही. आणि परवा व्यायामाच्या बाईंनी तपासून सांगितलं, की बोलण्याची वीस मिनिटं आता पंचवीस.

दाजींना सांग, पहिला भाग पुढच्या महिन्यात. दोघांनी मिळून बघा.

तुझा धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. परवा स्टुडिओत माझ्या फोनवर तुझा आवाजी निरोप आला आणि चुकून मोठ्यानं वाजला. "गाढवा, पंधरा दिवस झाले, जिवंत आहेस का? असशील तर तसं कळव!" हा तो. ध्वनिमुद्रक उठून उभा राहिला. तरुणाने खिशातून हात काढले. या पर्वात एक राजमाता आहे, शंभर वर्षांच्या झोपेतून उठते आणि साती सेनापतींना ओळीत उभं करून झापते. तिच्यासाठी दिग्दर्शिकाबाई दोन महिने आवाज शोधत होत्या. मी तुझ्या वतीनं शब्द दिला आहे.

ता. क. २. गुडघ्याची सबब चालणार नाही. राजमाता सगळं बसूनच करते.

ता. क. ३. तरीही नाही म्हणायचं असेल तर बुधवारी बाईंचा फोन येईल तेव्हा त्यांनाच स्पष्ट नाही म्हण, आणि हवं तेवढं रागावून म्हण. त्या ते रेकॉर्ड करणार आहेत.